उत्तर सापडतं, उतारा राहून जातो

दहावीला मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. त्यातले ४५ गुण समोर छापलेलं वाचून उत्तर देण्याचे आहेत. पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २०, कवितांना १०, आणि पुस्तकाबाहेरच्या, मुलं ज्याला नुसतं ‘अनसीन’ म्हणतात त्या उताऱ्याला सारांशासकट १५. व्याकरण, पत्र, संवाद, माहितीचं रूपांतर, भाषांतर हे सगळं उरलेल्या ३५ मध्ये बसतं. वाचनाच्या ४५ गुणांतही पाठ्यपुस्तकातले उतारे मुलांनी गाइडमध्ये उत्तरांसकट पाहिलेले असतात, त्यामुळे तिथे वाचनापेक्षा आठवण जास्त कामाला येते. म्हणजे मुलाला इंग्रजी वाचून कळतं का, याची खरी परीक्षा त्या १५ गुणांतच होते. आपल्याकडे उतारे सोडवून भरपूर घेतले जातात, पण उतारा वाचायचा कसा हे फारसं कोणी शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट मांडायचं तर बरंच मागेपुढे जावं लागेल.

डोळ्यांसमोर ठेवलं आहे ते सिंदी मेघे, वर्धा शहराला लागून असलेलं आणि त्याच्याच वस्तीत मिसळत गेलेलं गाव. (सिंदी रेल्वे निराळी, ती सेलू तालुक्यात.) अशा वस्तीत नोकरदार, रोजमजुरीवर जाणारे, शेती सांभाळून असलेले आणि पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यातून येऊन राहिलेले सगळे शेजारीशेजारी असतात. एकाच गल्लीतलं एक मूल मराठी शाळेत, दुसरं सेमी इंग्रजीत आणि तिसरं सीबीएसईत जातं, यात कोणाला नवल वाटत नाही. उतारे तिघांच्याही दप्तरात आहेत. त्यांच्याकडून मागितलं जातं ते मात्र वेगवेगळं.

राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे २०१८ ला दहावीचं पुस्तक बदलल्यावर मार्च २०१९ पासून जी चालू आहे तीत, अनसीन उताऱ्यावर दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात. ‘ए-वन’मध्ये सोपी माहिती, ‘ए-टू’मध्ये जरा आतली माहिती, मग शब्दसंपत्ती, मग व्याकरण, आणि शेवटी ‘ए-फाइव्ह’, म्हणजे विद्यार्थ्याचं स्वतःचं मत. सीबीएसईच्या दहावीला वाचनाचे २० गुण असतात. तिथे एक उतारा विचारप्रधान, ४०० ते ४५० शब्दांचा; दुसरा निव्वळ माहितीचा, २०० ते २५० शब्दांचा, सोबत तक्ता किंवा आलेख. शिष्यवृत्तीत इंग्रजीचे २५ प्रश्न आहेत, आणि ते बुद्धिमत्ता चाचणीच्या ५० प्रश्नांच्या जोडीने ९० मिनिटांत गोल काळे करत संपवायचे असतात. सेलूकाटेच्या जवाहर नवोदय विद्यालयासाठी पाचवीतली मुलं बसतात. त्या परीक्षेत भाषेचे चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, एकूण २५ गुण, आणि ते मराठीतून सोडवता येतात. मला या शेवटच्या परीक्षेचं महत्त्व जास्त वाटतं. मराठी उताऱ्यावर नीट विचार करायला शिकलेलं मूल इंग्रजी उताऱ्याचं अर्धं काम आधीच करून आलेलं असतं. पण मराठी शिकवणारे आणि इंग्रजी शिकवणारे याबद्दल एकमेकांशी क्वचितच बोलतात.

मुलं उत्तर कसं काढतात, ते मराठीतच करून पाहू. ‘एका झिंपूने डिंबळाकाठी तीन मुरबे गुंबाळले. मुरबे ओले असल्यामुळे ते लगेच चिंदरले.’ झिंपूने किती मुरबे गुंबाळले? तीन. मुरबे लगेच का चिंदरले? कारण ते ओले होते. चूक की बरोबर सांगा: झिंपूने डिंबळाकाठी मुरबे गुंबाळले. बरोबर. सगळे गुण मिळाले, आणि झिंपू माणूस आहे, पक्षी आहे की यंत्र, हे कोणालाच ठाऊक नाही. आता चौथा प्रश्न: झिंपूने पुन्हा असं करावं का, तुमचं मत सांगा. इथे पेन थांबतं.

इंग्रजी उतारा पुढे आला की आपली बहुतेक मुलं हेच करतात. प्रश्नातला एखादा ठळक शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते पाहायचं, आणि ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायची. ‘सर, उत्तर भेटलं.’ खरंच भेटलेलं असतं. ‘ए-वन’ आणि बरंचसं ‘ए-टू’ या रस्त्याने पार पडतं. ‘ए-फाइव्ह’ला मात्र उताऱ्यातलंच एक वाक्य पुन्हा येतं, आणि सारांशात पहिली दोन वाक्यं व शेवटचं एक. यात मुलांचा आळस नाही. त्यांनी परीक्षेचा स्वभाव ओळखला आहे आणि त्याला पुरेल तेवढी युक्ती शोधली आहे. दहावीला तिन्ही भाषांत मिळून ३०० पैकी १०५ आणि प्रत्येक भाषेत किमान २५ गुण असले की भाषा निघतात. काठावरच्या मुलासाठी ओळ शोधून उतरवणं हा मोठा आधार आहे, आणि फेब्रुवारीत तो आधार देणाऱ्या शिक्षकाला मी नावं ठेवणार नाही. तक्रार आहे ती हीच गोष्ट सहावीपासून चालू असते त्याबद्दल.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या अभ्यासक महिलेने चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास मिनिटामिनिटाने नोंदले. तो अभ्यास १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचलेलं समजून कसं घ्यायचं हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेला वेळ एक टक्क्याहूनही कमी निघाला. शिक्षक प्रश्न विचारत होते, स्वाध्याय देत होते, उत्तरं तपासत होते. आकलनाची परीक्षा रोज होत होती, शिकवणी जवळजवळ नव्हतीच. आणि ती मुलं इंग्रजीतच वाढलेली होती. आपल्याकडची पायरी त्याच्या बरीच आधीची आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या २४.५ टक्के आणि आठवीच्या ४६.७ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. २०१६ मध्ये हेच आकडे २४.७ आणि ४५.३ होते. वाक्यं अगदी छोटी, चार-पाच शब्दांची. आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना ती वाचता येत नसतील, तर दोन वर्षांनी त्यांच्यापुढे येणारा परिच्छेदांचा उतारा म्हणजे त्यांच्यासाठी झिंपू आणि मुरबेच.

वर्ध्याने हा वाद फार पूर्वी पाहिला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हातच्या उद्योगाभोवती गुंफलेलं, असा तिचा गाभा होता. झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. या सात वर्षांत इंग्रजी नव्हतं. आज सेवाग्रामच्या आवारात आनंद निकेतन त्याच वाटेवर मराठीतून शाळा चालवतं. राज्याने मात्र २००० च्या जूनपासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी मार्च २०१० मध्ये दहावीला बसली. १९३७ कडे परत जावं असं मला वाटत नाही. सिंदी मेघेतल्या एकाही आईबापाला ते पटणार नाही आणि त्यांचं बरोबर आहे. पण त्या आराखड्यात एक गोष्ट पक्की होती. जगाची माहिती मुलाला आधी हाताने करून आणि स्वतःच्या भाषेत बोलून मिळाली पाहिजे. इंग्रजी पहिलीत आणताना आपण नेमकी हीच गोष्ट सोडली, आणि माहितीपर उताऱ्याशी तिचा संबंध फार जवळचा आहे.

एक वाक्य घेऊ. ‘द सीड्स, विच आर रिमूव्ह्ड फ्रॉम द कॉटन इन द जिनिंग मिल, आर यूज्ड टू मेक ऑइल.’ प्रश्न: तेल कशापासून काढतात? इथे मराठी मूल अडखळतं याला कारण आहे. मराठीत आपण ‘जी सरकी जिनिंगमध्ये कापसातून वेगळी होते, तिचं तेल काढतात’ असं म्हणतो. ‘जी’ आणि ‘तिचं’ यांनी दोन्ही टोकं बांधलेली असतात. इंग्रजीत कर्ता पहिल्यांदा येतो, मग मध्ये एक लांबलचक तुकडा घुसतो आणि क्रियापद पार पलीकडे जाऊन पडतं. मुलाची नजर क्रियापदाला सर्वांत जवळच्या नामावर जाते आणि उत्तर येतं, ‘जिनिंग मिल’. पण वर्धा जिल्ह्यातलं मूल इथे बहुधा चुकणार नाही. सरकी त्याला माहीत आहे, सरकीची ढेप गायीपुढे टाकताना त्याने पाहिलं आहे, मोसमात जिनिंगसमोर उभ्या गाड्यांची रांग त्याच्या रस्त्यावरची आहे. गिरणीचं तेल निघत नाही हे त्याला कळतं, म्हणून ते वाक्य पुन्हा वाचतं आणि खरा कर्ता धरतं. आता याच बांधणीत व्हेल माशाच्या कातडीखालच्या चरबीचं वाक्य द्या, की ती त्याला थंड पाण्यात ऊब देते. तेच मूल, तेच व्याकरण, पण उत्तर चुकतं. चूक झाली हे त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण पडताळून पाहायला मनात काहीच नसतं.

१९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. क्रिकेटच्या बातमीवर आपली मुलं हाच प्रयोग रोज करत असतात. म्हणून ‘इंग्रजी कच्चं आहे’ हे निदान अनेकदा अर्धवट ठरतं. भूगोल कच्चा असतो, विज्ञान पाठ केलेलं पण न कळलेलं असतं, आणि त्याचे गुण इंग्रजीत जातात.

भाषेचे अडथळे नाहीत असं मात्र नाही, आणि ते अगदी ठरावीक आहेत. ‘मिलियन’ आला की आपल्या मुलाचा अंदाज सुटतो. दीड मिलियन म्हणजे १५ लाख हे हाताशी नसेल तर साऱ्या उताऱ्याचं प्रमाण चुकतं. ‘अनलेस’ आणि ‘नॉट अनटिल’ यांत नकार कुठे बसतो ते कळत नाही. ‘दे’ आणि ‘इट’ कोणासाठी आलं हे मागे जाऊन पाहायची सवय नसते. ‘ऑल्दो’ वाचून पुढे उलटं काहीतरी येणार ही अपेक्षा तयार होत नाही. अवघड नामांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे वीस-पंचवीस छोटे शब्द वर्षभर पुन्हा पुन्हा पकडले तर फरक जास्त पडतो, कारण नामं उताऱ्यागणिक बदलतात आणि हे शब्द प्रत्येक उताऱ्यात असतात.

बाजारात या सगळ्याला उत्तर म्हणून जास्त उतारे मिळतात. गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, शिकवणीतल्या झेरॉक्स. ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. परीक्षेच्या शेवटच्या महिन्यात, घड्याळ लावून सराव करताना तो ठीक आहे. सातवीतल्या मुलाला तो दिला की उतारा अखंड वाचायची गरजच संपते. ते मूल पानावरून फक्त ओळी वेचत जातं. मोबाइलने फोटो काढून भाषांतर वाचण्याचंही तसंच आहे. उत्तर तपासायला ते चांगलं, वाचायच्या आधी केलं तर वाचन होतच नाही.

सराव वाढवायचाच असेल तर तो सोप्या वाचनाचा वाढवावा. हे मत जुनं आहे आणि आपल्याच उपखंडातलं आहे. मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता येणं जास्त गरजेचं आहे, आणि वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात म्हणून मुलांचं वाचन अडतं, असं त्यांनी १९२६ च्या आपल्या अहवालात मांडलं. मग नवे शब्द विरळ पेरलेली वाचनमाला त्यांनी स्वतः तयार केली. पुढे २००० मध्ये हू आणि नेशन यांच्या अभ्यासातून दिसलं की आधाराविना मजकूर कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी. आपण सरावाला देतो त्या उताऱ्यात दर ओळीला दोन असतात. असा उतारा वाचताना मूल वाचन शिकत नाही, अंदाज बांधायला शिकतं.

सोपं वाचन आणायचं कुठून? प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हरवर इंग्रजी आणि मराठी पुस्तकं पायऱ्यांनुसार फुकट मिळतात, त्यांत प्राणी, पाणी, आकाश, यंत्रं यांवरची माहितीची पुस्तकंही आहेत. तेच पुस्तक आधी मराठीत आणि आठवड्याने इंग्रजीत वाचलं तरी काही बिघडत नाही. माहिती आधी बसते, इंग्रजी तिच्यावर चढतं. सेमीच्या मुलांकडे तर विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक रोज हातात असतं. राज्यात याहून चांगला माहितीपर उतारा छापला जात नाही. पण विज्ञानाच्या तासाला त्यातल्या व्याख्या पाठ होतात आणि इंग्रजीच्या तासाला ते पुस्तक दप्तरातून निघत नाही. आठवीच्या सेमीच्या वर्गात दोन्ही शिक्षकांनी आठवड्यातला एक तास एकाच पानावर काम केलं, तर निराळ्या उताऱ्यांच्या झेरॉक्सची गरज निम्म्याने कमी होईल, असं मी खात्रीने म्हणतो.

वर्गात काय करावं, याबद्दल दोन कामं मला सर्वांत भरवशाची वाटतात. पहिलं बंगळूरूचं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, नियमांची यादी द्यायची आणि त्यावरून काहीतरी सोडवायला लावायचं. कोणती गाडी धरली तर दुपारच्या आत पोचू, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तर ओळीत लिहिलेलं नसतं, दोन ठिकाणची माहिती जुळवावी लागते, त्यामुळे उतरवून काढायची सोयच उरत नाही. वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन मोठी स्टेशनं जवळ असलेल्या मुलांना असा कागद परका नाही. सीबीएसईचा तक्त्याचा उतारा आणि आपल्या कृतिपत्रिकेतलं माहितीचं रूपांतर या दोन्हींना हा सराव थेट लागू पडतो.

दुसरं काम पॅलिन्सार आणि ब्राऊन यांचं, १९८४ मधलं. चार-पाच मुलांच्या गटात एक मूल शिक्षक होतं. परिच्छेद वाचून ते गटाला प्रश्न विचारतं, अडलेलं उलगडतं, एका वाक्यात सार सांगतं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधतं. पुढच्या परिच्छेदाला दुसऱ्याची पाळी. आपल्याकडे यात एक बदल हवा. ही चर्चा मराठीत होऊ द्यावी, बोलीतही होऊ द्यावी. ‘याच्यात त्यानं कापूस काहून जाळला म्हणते?’ असा प्रश्न मुलीने गटाला विचारला, तर तिने उताऱ्यातलं कारण शोधायला घेतलं आहे, आणि इंग्रजी उत्तर ही त्यापुढची पायरी आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी नको या आग्रहाने मुलं इंग्रजी बोलायला लागत नाहीत, ती गप्प होतात, आणि मग त्यांना काय कळलं हे शिक्षकाला कळायची वाटच बंद होते. प्रश्न तयार करायला लागलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट लवकर दिसते: कोणता प्रश्न ओळ शोधून सुटतो आणि कोणता सुटत नाही. ‘ए-टू’ आणि ‘ए-फाइव्ह’ यांतला फरक त्यांना त्यानंतर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यासाठी लागणारा मजकूर इथेच तयार होऊ शकतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, शिक्षक जमतात. प्रत्येकाने सोप्या इंग्रजीत दीडशे शब्दांचा एकच उतारा लिहून आणावा. विषय मुलांच्या ओळखीचे: जिनिंगमध्ये कापसाचं काय होतं, धाम नदी, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं बोरचं जंगल, वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये सर्वांना खुलं झालं तो प्रसंग, मगन संग्रहालय, सोयाबीनवरची कीड. प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न, त्यातले निदान दोन असे की ओळ उतरवून सुटू नयेत. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. जुलैच्या परिषदेपासून धरलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वीस-पंचवीस उतारे सहज जमतात, आणि ओळखीच्या विषयांवरचे हे उतारे संपले की व्हेल माशाकडे वळायला दुसरी सहामाही हाताशी राहते.